मुठेलाची डबी

"ह्या तेलात गोळी नाय, वडे तळूचे," मामंजी स्वतःशीच पुटपुटले.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खळ्याच्या कडेला बसून राखेने टोप घासत होते, म्हणून ऐकू आलं. नाहीतर मामंजींचं बोलणं असं, की समोरच्या माणसालाही अर्धंच मिळायचं. त्यांच्या मांडीवर ठासणीची बंदूक आडवी होती आणि चिमटीत तेलाने निथळणारी चिंधी. थेंब थेंब पडून सारवलेल्या जमिनीवर काळा डाग झाला होता.

"काय झालं, मामंजी?"

"काय नाय गो. तुझ्या सासूचा तेल."

आत चुलीपाशी सासूबाईंनी कालथा जरा जास्तच जोरात ठेवला.

या गोष्टीला आता सदतीस वर्षं झाली. मी घाटावरची, आजऱ्याची. लग्न होऊन कोकणात, आंबेखोलीच्या घाडींच्या घरी आले त्याला तेव्हा सात महिने झाले होते. घरात आम्ही चौघं: मामंजी, सासूबाई, माझे यजमान दिगंबर आणि मी. त्याशिवाय भिंतीवरच्या फोटोत आतूमामा, म्हणजे सासूबाईंचा धाकटा भाऊ आत्माराम. कुरळ्या केसांचा, फोटो काढणाऱ्याला हसणारा. तो कसा गेला हे मी आल्या आल्या विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, कड्यावरून पडला. दिगंबर म्हणाले, डुकराने फाडला. ते तेव्हा सात वर्षांचे होते, त्यांना असंच सांगितलेलं. विहिरीवरच्या बाईने सांगितलं, पान लागलं, म्हणजे साप चावला. एका माणसाला तीन मरणं कशी, असा प्रश्न मला पडला, पण नवी सून किती प्रश्न विचारणार? त्या घरात गप्प बसायला शिकवावं लागत नसे.

बंदूक होती ती डुकरांसाठी. पिकाच्या राखणीचा सरकारी परवाना मामंजींच्या नावावर, त्यामुळे चाप ओढायचा तो त्यांनीच. बाकीची कामं बायकांची. जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं एक कोळीण आम्हाला नारळांच्या बदल्यात द्यायची. ती वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्या कापायच्या. नळीत आधी दारू जाते, मग तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळलेली गोळी. चिंधीला ओशटपणा असला की गोळी नळीत घट्टही बसते आणि सरळही सुटते. सगळं घरचं, पैशाचं काही नाही. माझ्या सासरी नेमबाजी ही लुगड्यावर आणि नारळावर चालायची.

आदल्या वर्षी डुकरांनी वरच्या कुणग्यातलं निम्म्याहून जास्त भात लोळवलं होतं. कुणगा म्हणजे भातशेतीचा तुकडा. आमच्याकडे चार होते, पण खाण्यापुरतं भात द्यायचा तो वरचाच. त्या वर्षीचं भात पिकायला लागलं तेव्हा एका रात्री दिगंबरनी मला सांगितलं, "यंदा पण तसाच झाला, तर मी मडगावाक जातलंय. हॉटेलात वळख आसा."

"आणि मी?"

"तू हंय. आयेबाबांक कोण बगतला?"

ते वाईट मनाने बोलले नव्हते. माणूस भाजीला काय आणू विचारतो त्या सुरात बोलले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. सात महिन्यांत मला नवरा आवडायला लागला होता, आणि ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नव्हती, त्यांनाही नाही. तेव्हा मी बंदुकीच्या तेलात लक्ष घातलं ते भातासाठी नाही. नवरा घरात राहावा म्हणून. दुसऱ्या बायका उपास करतात, मी शिसं वितळवलं.

शिक्षण माझं सातवीपर्यंत. पण बघायची सवय होती. मी बघितलं की मामंजी संध्याकाळी बंदूक ठासून ठेवतात आणि पहाटे उजाडताना डुकरं येतात तेव्हा उडवतात. आवाज यायचा तो "ठो" नव्हे, सर्दी झालेल्या माणसाने शिंकावं तसा. गोळी कुठे जायची देवाला ठाऊक. आणि दर वेळी मामंजी म्हणायचे, "तेल बरा नाय." सासूबाई म्हणायच्या, "नळी जुनी झाली." एवढं बोलून दोघं आपापल्या कामाला लागायची. रोज तेच. जणू सकाळचा चहा.

मी एक प्रयोग केला. दारूऐवजी वाटीत चुलीतली कोरडी राख घेतली, वर सासूबाईंच्या खोबरेलात भिजवलेली चिंधी ठेवली आणि वाटी फडताळात सारली. सकाळी राखेचा चिखल झालेला. म्हणजे रात्रभरात तेल दारूत झिरपतं, दारू ओली होते, आणि ओली दारू शिंकते. मला इतका आनंद झाला की मी वाटी घेऊन तशीच सासूबाईंकडे गेले.

"आई, खोबरेल पातळ पडतं. त्यात मेण घातलं तर?"

"मेण नाय घरात."

"मग मुठेल?"

कोकमाच्या बियांचं तेल थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, ते मुठेल. मेणासारखं घट्ट. फडताळात असे नऊ गोळे फडक्यात बांधलेले होते, मी मोजले होते.

"मुठेल टाचांका," सासूबाई म्हणाल्या.

"नऊ गोळे?"

"चार माणसांच्यो आठ टाचो," त्या म्हणाल्या आणि वाटीतला चिखल त्यांनी परसात नेऊन ओतला. वाटी दोनदा धुतली.

मला काही कळेना. भात जातंय, मुलगा जायला निघालाय, आणि ही बाई टाचा मोजते.

मग डबी सापडली. गोळ्यांचा दुसरा साचा शोधायला माळ्यावर चढले होते. जुन्या सुपाखाली तपकिरीची पत्र्याची डबी होती, गंजलेली. उघडली तर आत पिवळट, दगडासारखं घट्ट काहीतरी, आणि त्यात बोट फिरवल्याची खोलगट रेघ. नखाने खरवडून वास घेतला. कोकम होतं, मधाच्या पोळ्याचा वास होता, खाली किंचित खवट खोबरेल. म्हणजे घरात कोणीतरी हे आधीच शोधून काढलेलं होतं. मी जे शिकायला धडपडत होते ते माळ्यावर सुपाखाली पडलेलं होतं.

बाजारात चांभार दोऱ्याला लावायला मेण ठेवतो. त्याच्याकडून लिंबाएवढा तुकडा आणला. सासूबाई देवळात गेलेल्या बघून मुठेलाचा एक गोळा काढला. आठ टाचांना आठ पुरे. खोबरेल धरून तिन्ही गोष्टी मंद आचेवर विरघळवल्या, राखेवर ठेवून बघितल्या. पहिल्यांदा फार कडक झालं, चिंधीवरून पापुद्रे सुटले. दुसऱ्यांदा मऊ. तिसऱ्यांदा सकाळी वाटी उलटी केली तर राख फुर्र करून उडाली, इतकी कोरडी.

ते मी त्याच डबीत भरलं. घासून पुसून, लख्ख करून. तेव्हा मला वाटलं, जुन्या वस्तूला मान दिला.

मामंजींनी डबी हातात घेतली. बराच वेळ झाकण उघडलंच नाही.

"ही खंय गावली?"

"माळ्यावर. आत होतं ते बघून नवीन केलंय."

त्यांनी झाकण काढलं, वास घेतला. मग डोळे मिटले. मला वाटलं, वास आवडला.

रविवारी दिगंबरच म्हणाले, बंद पडलेल्या चिरेखाणीत जाऊन बघूया. मामंजी नको नको म्हणत होते, पण मुलाने बंदूक खांद्यावर टाकली आणि ते मागून आले. मी खाणीच्या लाल भिंतीच्या कडेवर पाच करवंट्या मांडल्या आणि पन्नास पावलं मागे आले. मामंजींनी गोळी ठासली, गजाने हळूच दाबली. बंदूक खांद्याला लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर तो वाकलेला माणूस एकदम सरळ झाला. ठो. पहिली करवंटी गेली. पुन्हा ठासली. दुसरी गेली. पाचच्या पाच. शेवटच्या वेळी तर मी कानावर हात ठेवायचंही विसरले.

दिगंबर हसत सुटले. "बाबा, तुमी आजवर आमका फसवत होतास काय?"

मामंजी एका चिऱ्यावर बसले. नळी पुसली, परत पुसली. मला वाटलं होतं ते माझी पाठ थोपटतील. ते म्हणाले, "बरा झाला हा, पोरी," आणि पोरी म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या विळीवर लाल भाजी चिरत होत्या.

"पाची?"

"पाची."

"मेण खंयसून हाडलंस?"

"चांभाराकडून."

"आणि मुठेल?"

मी मान खाली घातली. रागावतील म्हणून वाट बघितली. त्यांनी विळी मिटली, भाजी तशीच टाकून गोठ्यात गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत आल्याच नाहीत. म्हैस तर त्या वेळी रानात चरायला गेलेली होती. रिकाम्या गोठ्यात बाई करते काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही मामंजींबरोबर गेले. माझं तेल कसं चालतं ते मला बघायचं होतं. वरच्या कुणग्याला लागून रान आहे, कडेला ऐनाचं एक मोठं झाड. आम्ही बांधाआड बसलो. झुंजुमुंजू झालं तसं झाळीतून, म्हणजे दाट झुडपांतून, डुक्कर बाहेर आलं, मोठं, ओल्या घोंगडीसारखं. चाळीस पावलांवर. भातात तोंड घातलं. मामंजींनी नेम धरला. करवंटी तळहाताएवढी होती, हे तर केवढं थोरलं. मी मनातल्या मनात दिगंबरची मडगावला न्यायची पिशवी खुंटीवरच राहू दिली.

ठो.

वरून ऐनाची पानं आमच्यासमोर गळाली. डुक्कर तसंच झाळीत घुसलं.

"नेम चुकलो," मामंजी म्हणाले.

पुढच्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळी दोन डुकरं होती, एक तर आमच्याकडे बघत उभं राहिलं. पानं गळाली. कुणग्याचा एक कोपरा झोपला.

मी पार गोंधळले. तेल बरोबर, नळी बरोबर, हात बरोबर. मग मला वाटलं, डोळे. उजाडताना कमी दिसत असेल, आणि घरातली माणसं त्यांना दुखवायचं नाही म्हणून तेलाच्या नावावर ढकलत असतील. हे मला पटलं. परतताना मी मुद्दाम पंधरा पावलं पुढे चालत राहिले आणि विचारलं, "मामंजी, माझ्या पाठीवर काही लागलंय का हो?"

"पाठीर नाय. केसात भाताचा कुसळ आसा, डाव्या कानामागे."

हात लावून बघितलं. होतं.

त्या दिवशी सकाळची कामं उरकून मी एकटी कुणग्यावर गेले. ऐनाच्या झाडाखाली उभी राहून वर बघत राहिले. आधी काही दिसलं नाही, मग एक भोक दिसलं आणि मग दिसतच गेली. जुनी भोकं काळी पडलेली, कडांना साल भरून आलेली, इकडे तिकडे पसरलेली. आणि नवी तीन, आतून लालसर ओली. तिन्ही एका मुठीत मावतील एवढ्या जागेत.

ज्याचा नेम चुकतो त्याच्या गोळ्या अशा शेजारी शेजारी बसत नाहीत. तीन सकाळी त्यांनी जिथे मारायचं ठरवलं तिथेच मारलं होतं. मग जुन्या भोकांकडे परत बघितलं. ओल्या दारूची, भरकटलेली, पण त्यांतलं एकही माणसाच्या डोक्याच्या उंचीखाली नव्हतं. एकही नाही. मी दोनदा बघितलं. ते मला विचित्र वाटलं, पण का विचित्र वाटलं हे सांगता आलं नसतं.

घरी आले तर माजघरात दिगंबरची पिशवी खुंटीवरून खाली आलेली होती. आत दोन सदरे, दाढीचं सामान. पानं वाढली. मामंजी आणि दिगंबर जेवायला बसले, आम्ही दोघी वाढत होतो.

"बाबा," दिगंबर म्हणाले, "शेवटचा इचारतंय. बंदूक माझ्या नावार करा. तहसीलदाराक अर्ज मी देतंय. तुमच्यान होणा नाय तर मी बगतंय. नायतर सोमवारी माझी गाडी."

"बंदूक तुका गावाची नाय."

"कित्याक?"

"नाय म्हणजे नाय."

"माझ्यार इस्वास नाय तुमचो?"

मामंजींनी भातात कढी कालवली, परत परत कालवली. खाल्ला एकही घास नाही.

"आये, तू तरी सांग."

"आमटी वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

दिगंबरनी ताटाला हात जोडले, उठायला लागले. मला दिसलं ते एवढंच, की हा माणूस आता उठला की सोमवारी गाडीतच बसणार. मी हातातली कढीची वाटी खाली ठेवली.

"मामंजी, तुम्ही झाडावर मारता," मी म्हणाले. "मुद्दाम. मी भोकं बघून आले."

दिगंबर अर्धवट उठलेले तसेच राहिले. "शैला, गप रव."

"तिन्ही एका जागी आहेत. डुक्कर खाली आणि गोळ्या वर. आणि जुन्याही सगळ्या वरच. खाली एकसुद्धा नाही."

चुलीवर आमटी उतू जाऊन निखारे चुरचुरले. कोणी उठलं नाही. सासूबाई मामंजींकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. मला आधी वाटलं तो आहे. नव्हता. होतं ते नवल.

"झाडार?" त्या म्हणाल्या. "तुमी झाडार मारीत होतास?"

मामंजींनी मान हलवली.

"कदीपासना?"

"तेवापासना."

"माका वाटायचा माझ्या तेलान जाता वाकडी."

"ता माका म्हायत होता," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आला. "पंधरा वर्षां तू खोबरेल घातलंस. मुठेल असान. माका कळाक नाय असा वाटला तुका?"

"मगे बोललास नाय ता."

"तू तरी खंय बोललंस?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी आयुष्यात नवराबायकोला इतकं जवळ बसलेलं बघितलं नाही, आणि त्यांच्यामध्ये अख्खं माजघर होतं.

"काय चाललाहा तुमचा?" दिगंबर म्हणाले. "पंधरा वर्षां काय? माका कोण सांगतला काय?"

दिगंबर मडगावला गेले नाहीत, हे मी इथेच सांगून टाकते, कारण यानंतर मला त्याबद्दल बोलता येणार नाही. भात त्या वर्षी निम्मंच आलं. पुढच्या वर्षापासून आम्ही कुणग्याला चिऱ्यांचा गडगा घातला, चौघांनी मिळून, आणि पहाटे पत्र्याचे डबे बडवत हिंडलो. बंदूक मामंजींनी स्वतः नेऊन पोलीस ठाण्यात जमा केली. आणि यजमान आता पलीकडच्या खोलीत रेडिओ लावून झोपलेत. त्यांनी त्या दुपारी पिशवी परत खुंटीला का लावली, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी तिथेच होते.

सासूबाई उठल्या. कोनाड्यातून ती डबी काढली, माझी लख्ख घासलेली. झाकण उघडून त्यात बोट फिरवलं आणि ते बोट बघत राहिल्या. मला माळ्यावरच्या डबीतली खोलगट रेघ आठवली. ती एवढ्याच बोटाची होती.

"सत्यभामे, रवांदे," मामंजी म्हणाले. बायकोला नावाने हाक मारलेली मी त्या घरात तेवढीच ऐकली.

"आता नाय रवाचा," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या.

"तुझ्या बापाशीचो नेम कदी चुकाक नाय, दिगू. आतू कड्यावरसून पडाक नाय, तेका डुकरानय फाडूक नाय. तो झाळीत वाकान डुकरांक हाकलीत होतो. ह्येंका डुकर वाटलो. गोळी सरळ गेली. सरळ जावची म्हणान मेण मियाच लावलेला."